भोंगा हळू बोलतो

टेबलाखालून दोन तळपाय तेवढे दिसत होते, आणि तेही हळूहळू आत ओढले जात होते.

"अरे, ये की बाहेर," मुकादम म्हणाले. "मी कुठे ओरडलोय?"

हे वाक्य समोरच्या इमारतीतही पोचलं असावं, कारण तिथली एक खिडकी कुणीतरी लावून घेतली. तळपाय दिसेनासे झाले. मुकादमांनी बायकोकडे पाहिलं, तर तिने कपाळाला हात लावला होता. गोष्ट एवढीशी होती. चार वर्षांच्या नातवाने गरम चहाच्या कपाकडे हात नेला आणि आजोबांनी "हात मागे घे" म्हटलं. कप वाचला, हात वाचला, पण पोराची पाचावर धारण बसली. आता त्याची आई बाजारातून परत येईपर्यंत ते टेबलाखालून हलणार नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

मुलगी आली, तिने पिशवी खाली ठेवली आणि काहीही न विचारता टेबलाखाली वाकून पोराला उचलून घेतलं. तिने विचारलंसुद्धा नाही, हे मुकादमांना लागलं. संध्याकाळी निघताना मात्र दारात चपला घालता घालता तिने मनातलं सांगून टाकलं. बाळंतपणात सोडलेलं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतलं काम तिला आता परत मिळत होतं. नवरा मालाचा ट्रक घेऊन महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. पोराला दिवसभर ठेवायचं कुणाकडे, तर आजी-आजोबांकडे, असंच तिने धरलं होतं. ते जमणार नसेल तर सासूबाईंच्या गावी जाऊन राहायचं. कामही तिथेच बघायचं. पण ते गाव चांगलं रात्रभराच्या प्रवासाचं होतं. तिकडे एकदा बिऱ्हाड हललं की नातवाची भेट वर्षातून एखाद्या वेळी झाली तर झाली.

"मला इथंच राहायचंय, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मनाने वाईट नाही, हे मला कळतं. पण मला ते मोठी झाल्यावर कळलं. याला कळेपर्यंत हा टेबलाखालीच बसेल. मी बसायचे तसा."

ती टेबलाखाली कधी बसायची, हे मुकादमांना आठवेना. जेवताना त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, रोज.

आता या आवाजाबद्दल सांगायलाच हवं. मुकादम टॉवेल विणायच्या कारखान्यात होते. लांबलचक शेडमध्ये मागांच्या रांगाच्या रांगा दिवसभर अशा धडधडत असतात की खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. ही भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. जुन्या विणकरांनी ती गरजेपोटी बनवली आणि नव्यांनी बघून बघून उचलली. चिमटीत काही धरल्यासारखं करून दोन्ही हात लांब केले, की धागा तुटला. तळहात डोक्यावर ठेवला, की मॅनेजर येतोय, सावध. बायका तर माग न थांबवता कालच्या भांडणाचा अख्खा वृत्तांत एकमेकींना देतात, नणंदेने काय म्हटलं आणि आपण कसं उत्तर दिलं इथपर्यंत. अख्ख्या शेडमध्ये ही भाषा न शिकलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मुकादम. त्यांना गरजच पडली नाही. तरुणपणी एकदा कारखान्याचा भोंगा बिघडला होता, तेव्हा पाळी सुटल्याची आरोळी यांनी दारात उभं राहून दिली आणि शेवटच्या रांगेतले मागसुद्धा थांबले. त्या दिवसापासून लोक त्यांना भोंगा म्हणू लागले. लोक पाठीमागे म्हणत, पण मुकादमांना ते समोर म्हटलं तरी चाललं असतं. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असतोच, यांना घशाचा होता.

यंत्रांत आयुष्य गेल्यामुळे मुकादमांचा एक हिशेब पक्का होता. बिघाड सापडला, की भाग काढायचा, नवा बसवायचा, खटका दाबायचा. स्वतःच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. सोमवारपासून ओरडणं बंद, असं बायकोला जाहीर केलं. जाहीर करतानाच आवाज जरा चढला, पण तो रविवार होता म्हणून त्यांनी सोडून दिला. सोमवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर न्हाणीघरातला नळ वाहत होता आणि बायको शेजारणीशी बोलत बाहेर उभी होती. पुढे काय झालं ते शेजारीण अजून सांगते.

मग त्यांनी दुसरा उपाय काढला. बोलायचंच नाही. तोंडातून शब्दच निघाला नाही तर तो मोठा निघणार कसा? कारखान्यातून आलं की ते खुर्चीत बसत, जबडा आवळून, हात मांड्यांवर ठेवून, पोलीस चौकीत बसवून ठेवल्यासारखे. चहा आला, प्यायले. जेवण आलं, जेवले. पुढच्या रविवारी मुलगी आली तेव्हाही ते तसेच बसून होते. नातवाने दारातून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि कुणी काही बोलायच्या आत, खबरदारी म्हणून, आपणहून टेबलाखाली जाऊन बसला.

बायकोचा मग तोल सुटला. "गप्प बसा असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला? हळू बोला म्हटलं होतं. तुमचं गप्प बसणंसुद्धा अंगावर येतं."

मुकादमांना ते पटलं, पण पटून उपयोग काय? दिवसभर शेडमध्ये बोंबलायचं आणि घराच्या दारात आल्यावर आवाज उतरवायचा, हे काही चपला उतरवण्याइतकं सोपं नव्हतं. तेव्हा त्यांनी मुळालाच हात घातला. कारखान्यातही ओरडायचं नाही. ते गेले मावशीकडे.

मावशी म्हणजे शेडमधली सगळ्यात जुनी विणकर. ती कुणाची सख्खी मावशी होती ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मॅनेजरही तिला मावशीच म्हणायचा. मला हातांनी बोलायला शिकव, असं मुकादमांनी तिला मधल्या सुट्टीत सांगितलं, तेव्हा तिने आधी त्यांना ताप आहे का ते विचारलं. मग शिकवायला बसली. मुकादमांची बोटं जाड आणि ताठर. चिमूट धरायला सांगितली तर मूठच व्हायची. आजूबाजूच्या बायका एकमेकींना हातांनी काहीतरी सांगत आणि खाली बघून हसत. काय सांगतायत, हे अजून वाचता येत नव्हतं, हे एका परीने बरंच होतं.

आठवडाभर घोकून मुकादमांनी एक दिवस ती भाषा वापरायचं ठरवलं. चौथ्या रांगेतल्या मागांना तेल द्यायचं होतं, म्हणून रांग थांबवायची होती. माग थांबवा म्हणायचं तर बंद मूठ हनुवटीखाली धरायची. जेवायला चला म्हणायचं तर पाचही बोटं जुळवून ओठांशी न्यायची. मुकादमांनी रांगेच्या टोकाला उभं राहून मोठ्या ऐटीत हात वर केला. मूठ थोडी सैल राहिली आणि थोडी वर गेली. चौथ्या रांगेने माग थांबवले, चकित होऊन एकमेकांकडे पाहिलं, आणि डबे उचलून ती चालू लागली. तिला जाताना पाहून पाचवी निघाली. पाचवी निघाल्यावर सहावी कशाला मागे राहते?

मुकादम हात हलवत राहिले. त्या हलवण्याचा अर्थ लोकांनी 'लवकर चला' असा घेतला. शेवटी व्हायचं तेच झालं. गेल्या कित्येक वर्षांत निघाला नव्हता असा आवाज त्यांच्या छातीतून निघाला, "परत या!", आणि तीन रांगा डब्यांसकट जागच्या जागी थिजल्या. नव्याने लागलेल्या एका पोरीच्या हातून डबा पडला. डोळे मोठे करून ती मुकादमांकडे बघत होती, आणि ते डोळे मुकादमांना ओळखीचे वाटले.

त्यानंतर ते सुताच्या पोत्यांमागे जाऊन बसले. माणूस मोठा, मिशीवाला, पण त्या वेळी त्यांना आलेलं रडू ते दाबत होते. मावशी शोधत आली तेव्हा तिला म्हणाले, की हे आता पुरे. लाकूड वाळल्यावर वाकत नाही. मुलीला सांगून टाकतो, जा बाई सासूच्या गावाला, तुझा बाप काही सुधारत नाही.

मावशी समोरच्या पोत्यावर बसली. तिने पदराने तोंड पुसलं, आणि घाई नसल्यासारखी म्हणाली, "गेल्या खेपेला नवे माग आले, तेव्हा पहिले काही दिवस किती धागे तुटत होते?"

"तुटणारच. नवा माग रुळायला वेळ लागतो."

"तेच तुम्ही तेव्हा आम्हाला सांगितलंत. म्हणालात, घाई करू नका, तुटला की गाठ मारा आणि पुढे चला. कुणी मागाला लाथ मारली तर त्याला झापलंत. एक टॉवेल बिघडला म्हणून माग भंगारात काढला नाही. मग स्वतःला एवढ्यात कशाला भंगारात काढताय?"

"मी काय माग आहे का, मावशी?"

"नाही. माग सांगितलेलं ऐकतो तरी," मावशी म्हणाली. "उठा आता. ती पोर अजून रडतेय, तिच्याशी नीट बोला. जे मोठ्याने बोललात तेच पुन्हा हळू बोला. गाठ मारा म्हणजे झालं."

मुकादम उठले. त्या पोरीसमोर उभं राहून त्यांनी 'परत या' हे दोन शब्द पुन्हा, या वेळी साध्या आवाजात म्हटले. मागांच्या धडधडीत तिला ते अर्थातच ऐकू गेले नाहीत. पण ओठ हलताना दिसले, आणि मुकादमांच्या चेहऱ्यावरचा कानकोंडा भाव दिसला. तिने मान हलवली आणि डबा उचलला. एवढंच झालं. पण मुकादमांना त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं, की आवाज सुटला म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. ओरडायचं नाही, अशी शपथ पुन्हा घेतली नाही. ओरडून झालं, की थांबायचं, 'पुन्हा सांगतो' म्हणायचं, आणि तेच वाक्य हळू म्हणायचं. सुरुवातीला लोकांनी याची भरपूर मजा घेतली. कुणी मुद्दाम धागा तुटू द्यायचं, भोंगा वाजवून घ्यायचं आणि मग कानामागे हात धरून, मुकादम, पुन्हा सांगा ना, असं खुणेने म्हणायचं. मुकादम सांगत. आपलीच फजिती पाहून कधीकधी हसतही.

घरी ही रीत जरा अवघड गेली, कारण हळू बोलायला लागलं की वाक्याकडे लक्ष जातं. एकदा ताटावर बसल्या बसल्या ते गरजले, "मीठ कुठंय यात?" मग थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "पुन्हा सांगतो. यात मीठ जरा कमी आहे." हे हळू आवाजात म्हणताना त्यांच्या ध्यानात आलं, की मीठ तितकंसं कमीही नव्हतं. बायकोने मिठाची बरणी पुढे सरकवली, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आपल्या बायकोला असं आतल्या आत हसता येतं, हे मुकादमांनी त्या दिवशी पाहिलं.

काही दिवस चांगले जात, काही नासत. एकदा रेशमासारखा आठवडा गेला आणि शनिवारी इस्त्रीवाल्याशी अशी जुंपली की गल्ली गोळा झाली. पूर्वीचे मुकादम असते तर घरी येऊन म्हणाले असते, बघ, मी हा असाच. आता ते जिना उतरून परत गेले आणि इस्त्रीवाल्यासमोर उभे राहिले. इस्त्रीवाल्याला वाटलं दुसरी फेरी आहे, त्याने बाह्या सावरल्या. 'पुन्हा सांगतो' हे ऐकल्यावर तो इतका गडबडला की त्याने त्यांना स्टूल दिलं. मुलीचा फोन आला की मुकादम खरं काय ते सांगत. आजही ओरडलो. पण लवकर थांबलो. मुलगी पलीकडून हं म्हणायची. त्या हंमध्ये होकार आहे की नकार, याचा मुकादम संध्याकाळभर विचार करत बसायचे.

शेवटी तिचा रुजू व्हायचा दिवस तोंडावर आला. सासूबाईंनी तिकडे खोली बघून ठेवली होती आणि तिच्या घरी खोकी बांधायला काढली होती. एक सकाळ पोराला सोडून बघते, ती म्हणाली. दुपारी न्यायला येईन, तेव्हा काय ते ठरवू. तिने पोराला आत सोडलं, आणि ती वळून वळून बघत जिना उतरली.

मुकादमांनी रजा घेतली होती. सकाळ छान गेली. नातू आजीच्या मागे मागे, पण निदान टेबलाच्या बाहेर होता. मुकादम खिडकीपाशी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. त्याची मोहरीएवढी चाकं आणि स्क्रू त्यांनी एका पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले होते. ते चिमटा आणायला उठले. परत आले तर नातवाने फडकं चारी टोकांनी उचललं होतं आणि ते तो मोठ्या काळजीने फरशी पुसायच्या बादलीत बुडवत होता. घड्याळ धुवायचं होतं त्याला.

आवाज सुटला. पूर्ण, जुना, शेडच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. बादली लवंडली, नातू टेबलाखाली गेला, आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभी राहिली.

इतके महिने मरमर केली आणि नेमकं आजच. मुकादमांना दार आपटून निघून जावंसं वाटलं. गप्प खुर्चीत जाऊन बसावंसं वाटलं. खोकी, ट्रक, रात्रभराचा प्रवास, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकले, कण्हत खाली बसले, अगदी ओल्या फरशीवर, आणि म्हणाले, "पुन्हा सांगतो. ते घड्याळ पाण्यात घालू नको रे राजा. बिघडतं."

टेबलाखालून आवाज आला, "ऐकू नाही आलं."

मुकादमांना उभ्या आयुष्यात हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात आजीने नाकातल्या नाकात हसू दाबलं. मुकादमांनी पुन्हा सांगितलं. नातवाचं डोकं बाहेर आलं.

"अजून एकदा."

त्यांनी अजून एकदा सांगितलं. नातू रांगत बाहेर आला, उभा राहिला, आणि कमरेवर हात ठेवून, लाल होत, घरभर घुमेल अशा आवाजात आजोबांना म्हणाला, "असं ओरडायचं नाही! माझ्या पोटात दुखतं! घड्याळ घाण होतं म्हणून मी धुवत होतो! नीट बोलायचं आधी!"

"चुकलं माझं," मुकादम म्हणाले.

"आता सॉरी म्हणा. हळू."

मुकादमांनी सॉरी म्हटलं, तेही दोनदा, कारण पहिलं नातवाला पुरेसं हळू वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. या घरात त्यांच्याच तोंडावर, त्यांच्याहून मोठ्याने कुणीतरी बोललं होतं, आणि बोलून पळालं नव्हतं. आनंदाने त्यांची छाती भरून आली.

दार अर्धवट उघडं होतं. पोराला न्यायला आलेली आणि आरडाओरडा ऐकून धावत जिना चढलेली त्यांची मुलगी वरच्या पायरीवर थबकली होती. तिने ओल्या फरशीवर बसलेला बाप पाहिला, कमरेवर हात ठेवलेलं पोर पाहिलं, आणि आत न येता ती तिथेच पायरीवर मटकन बसली. मग तिने फोन काढला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं, आणि आत मुकादमांना शब्दन् शब्द ऐकू आला.

"नाही आई, आम्ही नाही येत. हो, बाबांकडेच ठेवतेय त्याला... अहो, ओरडतात अजून. आत्ताच ओरडले... नाही हो, घाबरत नाही. तोच त्यांना रागावतोय."

मुकादमांनी मान वर केली नाही. ते ओल्या फरशीवर ओणवे होऊन एकेक स्क्रू वेचत राहिले, आणि कुठला कुठे पडलाय ते नातू शेजारी उभा राहून मोठ्याने सांगत राहिला.